ओल्या पिल्लाचा पहिला तास: डुकराच्या पिल्लांचं तापमान मोजणं आणि ऊब राखणं

आमच्या भागात वराहपालनाकडे वळणारे बरेच जण आधी शेळ्या पाळलेले असतात. मीही त्यातलाच. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं शेत आहे. पहिल्या दोन डुकरिणी आणल्या, तेव्हा शेळ्यांचा सात वर्षांचा अनुभव गाठीशी होता, आणि त्या अनुभवानेच पहिल्या वेतात घात केला.

शेळी व्यायली की करडाला चाटून कोरडं करते. करडाच्या अंगावर केस असतात. शिवाय त्याच्या पोटात, मूत्रपिंडांच्या आसपास एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते न थरथरताही ऊब तयार करतं. डुकराच्या पिल्लाकडे यातलं काहीच नाही. डुकरीण पिल्लाला चाटत नाही. पिल्लू ओलंचिंब जमिनीवर पडतं आणि तसंच धडपडत सडांकडे निघतं. अंगावर केस नावापुरते. तपकिरी चरबी डुकराच्या जातीत नसतेच, आणि एकूण चरबीही जन्मतः वजनाच्या एक-दोन टक्केच असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली थोडी साखर तेवढी जवळ असते, आणि ती थरथरण्यात अर्ध्या दिवसात संपते. त्यानंतर ऊब मिळणार ती चिकातून, नाहीतर तुम्ही लावलेल्या बल्बातून.

आईच्या पोटात ३९ अंश सेल्सिअस. बाहेर जानेवारीतल्या रात्री पत्र्याच्या शेडमध्ये १२. माठ का गार होतो हे आपल्याकडे पोरंही सांगतात: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. ओल्या पिल्लाचं तेच होतं. पहिल्या अर्ध्या-एक तासात त्याचं तापमान दीड-दोन अंशांनी उतरतं, आणि हे चांगल्या पिल्लाचं झालं. किलोच्या आतलं पिल्लू असेल तर पारा ३५ च्याही खाली जातो.

आमच्या पहिल्या वेतात ११ पिल्लं झाली. सकाळी ४ मेलेली होती, त्यातली तीन आईच्या अंगाखाली. मी म्हटलं, डुकरीणच वाईट, पिल्लं दाबते. पुढच्या वेतापासून मोजायला लागलो तेव्हा कळलं की सुरुवात दबण्यापासून होत नाही. पिल्लू आधी गारठतं. गारठलं की सुस्त होतं, सडापर्यंत पोहोचत नाही, पोहोचलं तर चोखत नाही. पोटात चीक नाही म्हणून आणखी गारठतं. मग शेडमधल्या एकाच गरम वस्तूला, म्हणजे आईला, चिकटून पडून राहतं, आणि दीडशे किलोची आई कूस बदलते तेव्हा त्याला सरकता येत नाही. आपल्याला शेवटचा प्रकार तेवढा दिसतो.

आकडे कोणते लक्षात ठेवायचे

डुकराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. निरोगी पिल्लाचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ ते १०३.१ फॅरनहाइट. आपल्याला १०२ आला तर आपण अंथरूण धरतो. पिल्लाचं १०२ असेल तर ते ठणठणीत आहे. उलट पिल्लाचं ९८.६ आलं आणि माणसाच्या हिशोबाने ते ठीक समजून तुम्ही पुढे गेलात, तर एक गारठत चाललेलं पिल्लू तुमच्या हातून निसटलं. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. म्हणून हे आकडे शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा, आणि सेल्सिअस किंवा फॅरनहाइट, एकच मोजमाप घरात सगळ्यांनी वापरा.

हाताच्या भरवशावर राहू नका. थंडीत आपले हात स्वतःच गार असतात, वीस-पंचवीस अंशांवर आलेले. त्या हाताला ३४ अंशाचं पिल्लू छान कोमट लागतं.

थर्मामीटर कुठला

माणसांसाठीचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो, औषधाच्या दुकानात मिळतो. टोक लवचीक असलेला मिळाला तर तोच घ्या. पिल्लाने झटका दिला तरी आत लागत नाही. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर या कामाला वापरू नये. फुटला तर पारा आणि काच दोन्हींचा धोका. आणि त्याची पट्टीच ३५ अंशांपासून सुरू होते, म्हणजे जे पिल्लू सगळ्यात जास्त संकटात आहे त्याचं तापमान त्यावर दिसतच नाही. तो दरवेळी झटकून खाली आणावा लागतो ते वेगळंच. विसरलात तर आधीच्या पिल्लाचा आकडा पुढच्याच्या नावावर लागतो.

डिजिटलचीही एक गोष्ट माहीत हवी. बहुतेक थर्मामीटर ३२ अंशांच्या खाली आकडा दाखवत नाहीत. पडद्यावर ‘लो’ अशी अक्षरं येतात. मी पहिला थर्मामीटर आणला तेव्हा एका बारक्या पिल्लाला लावला, ‘लो’ आलं. पुन्हा लावला, पुन्हा ‘लो’. मला वाटलं यंत्रच खराब आहे. सकाळी तो बदलून आणला, तोवर पिल्लू मेलेलं होतं. यंत्र बरोबर सांगत होतं, मला वाचता येत नव्हतं. तुमच्या पडद्यावर ‘लो’ आलं तर सेल बघत बसू नका, पिल्लाला आधी ऊब द्या.

करोनाच्या काळात घरोघरी आलेलं कपाळावर धरायचं बंदुकीसारखं यंत्र अनेकांकडे पडून आहे. ते पिल्लाच्या आतलं तापमान सांगत नाही, कातडीचं सांगतं. त्यातही माणसासाठीच्या सेटिंगवर ते स्वतःच हिशोब करून माणसाचा आकडा दाखवतं, तो इथे चुकीचा ठरतो. वस्तूचं तापमान मोजायचं सेटिंग असेल तर ते लावा आणि कानाच्या बुडाशी धरा. पिल्लू कोरडं हवं आणि बल्बाखालून काढून चार-पाच मिनिटं झालेली हवीत. एवढं करूनही आकडा गुदद्वारातल्यापेक्षा काही अंशांनी कमीच येणार. मी हे यंत्र पिल्लापेक्षा जमिनीसाठी जास्त वापरतो: बल्बाखालचं गोणपाट किती तापलं, कोपऱ्यातला कोबा किती गार आहे, हे ते एका क्षणात सांगतं.

डुकरांचा थर्मामीटर घरातल्या माणसांच्या थर्मामीटरपासून वेगळा ठेवा. आमच्याकडे त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. नवा असेल तेव्हा एकदा तपासून घ्या: कोमट पाण्याच्या ग्लासात दोन थर्मामीटर शेजारी बुडवा, दोन दशांशांपेक्षा जास्त फरक दिसला तर त्यातला एक चुकतोय.

मोजायचं कसं

आधी आईपासून पिल्लू दूर न्या. पिल्लू किंचाळलं की शांत डुकरीणही अंगावर येते, आणि डुकराचा चावा साधा नसतो. विण्याच्या खोलीत आत बसून मोजू नका. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, आत गोणपाट आणि वर जुनं धोतर किंवा गोधडीचा तुकडा अंथरा, पिल्लं त्यात घेऊन पडदीच्या बाहेर या. क्रेटमध्येही ती एकमेकांना चिकटलेली, झाकलेली राहू द्या. उघड्यावर रांगेत ठेवलेली पिल्लं तुमच्या मोजण्यानेच गारठतील.

खाली बसा. मांडीवर कोरडं फडकं, त्यावर पिल्लू पोटावर पालथं, डोकं तुमच्या डाव्या कोपराकडे. डावा हात पोटाखालून घालून पंजाने मागचा भाग धरायचा, त्याच हाताच्या अंगठ्याने शेपूट वर करायची. मागच्या पायांनी उलटं टांगून मोजणारेही पाहिले आहेत. त्यात पिल्लू तडफडतं, ओरडतं आणि आकडाही नीट येत नाही.

थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावा. बटण दाबून तयार करा. गुदद्वारात सरळ, पाठीच्या कण्याला समांतर, हळूच फिरवत सरकवा. नवजात पिल्लाला दीड ते दोन सेंटिमीटर बस झालं, म्हणजे चंदेरी टोक आत जाईल इतकं. पंधरा दिवसांच्या पिल्लाला तीनेक सेंटिमीटर. अडलं तर जोर लावायचा नाही, मागे घ्यायचं आणि दिशा थोडी बदलायची. एखाद्या पिल्लाला जन्मतःच गुदद्वार नसतं, तेही याच वेळी लक्षात येतं. आत गेल्यावर टोक किंचित तिरकं करा म्हणजे ते आतड्याच्या भिंतीला टेकेल. विष्ठेच्या गोळ्यात रुतलं तर आकडा कमी येतो. शिटी वाजेपर्यंत हात हलवायचा नाही, साधारण मिनिटभर. थर्मामीटर सोडून द्यायचा नाही, बोटांत धरूनच ठेवायचा.

दोन पिल्लांच्या मध्ये टोक आधी कोरड्या कापसाने पुसा, मग स्पिरिटच्या बोळ्याने. सगळं झाल्यावर साबणाच्या गार पाण्याने धुऊन पुन्हा स्पिरिट. हगवण लागलेलं पिल्लू असेल तर ते शेवटी मोजा, नाहीतर तुम्हीच तो रोग बाराही पिल्लांना वाटाल.

मोजलेल्या पिल्लावर लगेच खूण करा. मी पाठीवर मार्करने आकडा टाकतो: जन्माच्या क्रमाने १, २, ३. दोन दिवसांनी पुसट होतो, पुन्हा टाकायचा.

कधी मोजायचं

डुकरीण साधारण ११४-११५ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं लक्षात ठेवा. कास दाबल्यावर सडांतून चीक यायला लागला आणि ती तोंडाने गवत-भुसकट गोळा करायला लागली की त्या रात्री झोप विसरा. विण्याचं काम तीन-चार तास चालतं आणि पिल्लं दहा-वीस मिनिटांच्या अंतराने येतात.

पिल्लू आलं की पहिलं काम पुसणं. नाक-तोंड मोकळं करा, कोरड्या फडक्याने रगडून पुसा. पाठ, पोट, कान, पायांच्या मधली जागा सगळी. नाळेला टिंचर आयोडीन लावा. मग थेट सडाला. या क्षणी थर्मामीटर लावायची गरज नाही, ते आत्ताच आईच्या पोटातून आलंय.

मोजायचं ते अर्ध्या ते एक तासाने. सगळी बारा मोजणं जमत नसेल तर तीन मोजा: सगळ्यात लहान, मधलं, आणि सगळ्यात शेवटी आलेलं. शेवटचं यासाठी की ते उशिरा येतं, जन्मताना दमलेलं असतं आणि चांगल्या सडांवर तोवर बाकीच्यांनी ताबा मिळवलेला असतो. दुसरं मोजमाप चोवीस तासांनी, आणि हे सगळ्या पिल्लांचं. चोवीस तासांनी पिल्लू ३८.५ च्या आसपास परत आलेलं हवं. जे ३८ च्या खाली आहे त्याला चीक पुरेसा मिळालेला नाही असं धरून मी चालतो, आणि बहुतेक वेळा त्याचं पोट हाताला चपटंच लागतं.

पहिल्या तासातल्या आकड्यांचा माझा हिशोब असा आहे. ३८ च्या वर असेल तर आईजवळ राहू द्या. ३७ ते ३८ असेल तर पुन्हा पुसून, चीक पाजून बल्बाखाली ठेवा आणि अर्ध्या तासाने परत मोजा. ३५ ते ३७ असेल तर आईजवळ सोडू नका, उबेच्या पेटीत घ्या. ३५ च्या खाली गेलं तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून त्या एकाकडे बघा.

गारठलेल्या पिल्लाला परत आणणं

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र आहे. नववं पिल्लू आलं, जेमतेम सातशे ग्रॅमचं. मी दहाव्याच्या मागे होतो. माय कंदील घेऊन उभी होती, लाईट गेलेली. तिने ते उचललं आणि म्हणाली, “पिलूले हिव लागी ऱ्हायनं.” थरथरत नव्हतं, म्हणून मला ते बरं वाटलं होतं. थरथर थांबणं हीच वाईट खूण असते. याचा अर्थ थरथरायलाही साखर उरलेली नाही. करंगळी तोंडात घातली तर जीभ गार लागली, चोखत नव्हतं. थर्मामीटर ३३.८ म्हणाला.

चुलीवर पाणी होतंच. बादलीत ते ४० अंशांवर आणलं. थर्मामीटर पाण्यात घालून बघितला, कोपर बुडवून अंदाज घेतला नाही. पिल्लू मानेपर्यंत पाण्यात, डोकं माझ्या तळहातावर. दहा मिनिटांत त्याने पाय हलवले. पाणी गार होतं तसं माय वरून थोडं थोडं गरम घालत होती, पिल्लाच्या अंगावर न पडता बादलीच्या कडेने. बाहेर काढून तीन फडक्यांनी पूर्ण कोरडं केलं. हे अर्धवट केलं तर पाण्यातून काढलेलं पिल्लू पुन्हा जन्मल्यासारखंच ओलं असतं आणि दुप्पट वेगाने गारठतं. मग गोधडीत, दोन गरम पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये. बाटल्यांना गोणपाट गुंडाळलेलं. पंधरा मिनिटांनी ३५.१. आणखी वीस मिनिटांनी ३६.६. मग ३७.४, आणि करंगळी तोंडात घातल्यावर ती ओढली.

तोवर त्याला काहीही पाजलेलं नव्हतं, आणि हे मुद्दाम. गार पिल्लाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं दूध फुप्फुसात जातं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. ते ३७ च्या वर आलं आणि चोखायला लागलं की मगच चीक द्यायचा. डुकरीण वीत असताना चीक हाताने सहज निघतो, पुढच्या सडांतून स्वच्छ वाटीत काढून ठेवा. सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेतून, थेंब थेंब, एका वेळी १० ते १५ मिली. पिल्लाला पहिल्या चोवीस तासांत मिळून साधारण २०० ते २५० ग्रॅम चीक लागतो. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातूनच येते, आणि पिल्लाचं आतडं ती पहिल्या दिवस-दीड दिवसापुरतीच आत घेतं. आई मेली किंवा चीकच आला नाही तर गाईचा किंवा शेळीचा चीक द्या; ताकद मिळेल, पण डुकराच्या रोगांविरुद्धची शिदोरी त्यात नसते.

नुसती साखर पाण्यात कालवून पाजणं, हळद-तूप चोळणं, अंगावर रॉकेलचा बोळा फिरवणं हे सगळं मी ऐकलं आहे. यातल्या कशानेही तापमान वाढत नाही. ग्लुकोजचं इंजेक्शन पोटात देता येतं, पण ते डॉक्टरांनीच द्यावं.

लहान पिल्लांना सडावर जागा मिळत नसेल तर मोठ्या, पोट भरलेल्या पिल्लांना तासभर उबेच्या पेटीत ठेवा आणि बारक्यांना मोकळं रान द्या. पहिल्या दिवशी दोन-तीनदा केलं तरी फरक पडतो.

उबेची पेटी

वराहपालनातली अवघड गोष्ट ही की एकाच खोलीत दोन हवामानं लागतात. डुकरीण १८ ते २२ अंशांत सुखी असते. २५ च्या वर तिचा खुराक आणि दूध दोन्ही कमी व्हायला लागतं. नवजात पिल्लाला ३२ ते ३५ हवं. सगळी खोली तापवली तर आई हैराण, सगळी गार ठेवली तर पिल्लं मेली. म्हणून पिल्लांना वेगळा कोपरा द्यायचा.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच लाकडी पेटी दहा-बारा पिल्लांना पहिले दहा दिवस पुरते. एका बाजूला पिल्लू जाईल एवढं दार, नऊ-दहा इंचांचं. वर झाकण हवंच, कारण ऊब वर निघून जाते, आणि जानेवारीतला गार पत्रा पिल्लाच्या अंगातली उष्णता वरूनही ओढतो. झाकण असेल तर १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब भागवतो. उघड्या कोपऱ्यात २५० वॅटचा लाल बल्ब लागतो, तो जमिनीपासून दोन फुटांवर.

बल्ब वायरने लटकवू नका. साखळीने टांगा, भोवती जाळी लावा, होल्डर चिनी मातीचा घ्या. भुसकटात पडलेल्या बल्बाने शेड जळायला वेळ लागत नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लंही मरतात आणि राखणीला झोपलेला माणूसही. लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या, किंवा चुलीत तापवून गोणपाटात गुंडाळलेल्या विटा.

खाली काय अंथरता याला बल्बाइतकंच महत्त्व आहे. कोरडं गव्हाचं भुसकट टाकलं तर पिल्लाला चार अंश जास्त ऊब मिळाल्यासारखी होते. ओल्या कोब्यावर पाच ते दहा अंश कमी. आपल्याकडे केळीची वाळलेली पानं आणि शेंगांची टरफलं फुकट मिळतात, तीही चालतात, मात्र बुरशी लागलेली नकोत. वाऱ्याचा झोतही तसाच: मेणबत्तीची ज्योत हलेल एवढा वारा पिल्लाच्या पाठीवरून वाहत असला तरी त्याला हवा काही अंशांनी गार लागते. म्हणून खोलीतला थर्मामीटर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर न लावता जमिनीपासून वीतभर, पिल्लाच्या पाठीच्या पातळीला लावा.

पहिले दोन-तीन दिवस पेटीत ३२ ते ३४, मग दर आठवड्याला दोन-दोन अंश कमी करत महिन्याला २५ च्या आसपास. आकड्यापेक्षा पिल्लांचं झोपणं बघा. एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर थंडी वाजतेय. बल्बापासून लांब कडेला पसरली असतील तर तो जास्त झाला. कुशीवर, शेजारी शेजारी, अंग अंगाला लागेल इतपत पसरलेली झोपली असतील तर काहीही बदलू नका.

पिल्लं पेटीत आपोआप जात नाहीत, आईचीच ऊब त्यांना कळते. पहिला दिवस नीट पिऊन झाला की आई खुराक खात असताना त्यांना अर्धा तास पेटीत बंद करा. दिवसातून तीन-चार वेळा, जास्त नाही, कारण ती तासाभरात परत पितात. दोन दिवसांत सवय लागते.

मे महिन्यातली थंडी

खान्देशात हा भाग वाचून हसू येईल. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा सगळे बल्ब लावतात. भुसावळला ४५ च्या वर गेलं की पेटी काढून ठेवतात आणि डुकरिणीसाठी कूलर लावतात. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्यामुळे कूलर भरपूर गार करतो, खोलीत २७-२८ अंश होतात. आईला ते बरं. पण नुकतंच जन्मलेलं ओलं पिल्लू त्या वाऱ्याच्या झोतात असेल तर त्याच्यासाठी ती जानेवारीचीच रात्र आहे. मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता ३५.९ चं पिल्लू मोजलेलं आहे.

तेव्हा उन्हाळ्यातही पेटी ठेवा, पहिले तीन दिवस रात्री आणि पहाटे बल्ब लावा, आणि कूलरचा झोत आईच्या डोक्या-खांद्याच्या बाजूने न्या. आईच्या मानेवर थेंब थेंब पाणी सोडलं तर तिला आराम पडतो, पण पाणी पिल्लांच्या बाजूला वाहता कामा नये. पत्र्यावर चुना मारा, वर पऱ्हाट्यांचा थर टाका.

दुपारी याच्या उलट संकट येतं. डुकराला घाम येऊन अंग गार करता येत नाही. खोलीच ३८-४० वर गेली तर पेटीतली पिल्लं हात-पाय पसरून धापा टाकतात. अशा वेळी बल्ब बंद, झाकण काढा, पिल्लांना सावलीत कोब्याच्या कोरड्या गार भागावर न्या. ४०.५ च्या वर गेलेल्या पिल्लाचे कान आणि पोट साध्या पाण्याने ओले करून हळू वारा घाला, बर्फाचं पाणी वापरू नका. ३९.५ आलं की थांबून पुसून घ्या, नाहीतर आकडा तिथे न थांबता खाली जातो.

ताप की ऊन

एखाद्याचं ४०.२ आलं तर घाबरण्याआधी शेजारच्या तिघांचं मोजा. सगळ्यांचं वाढलेलं असेल तर दोष खोलीत आहे. एकट्याचंच असेल तर पिल्लू आजारी आहे. तरीही शंका असेल तर पहाटे, शेड गार असताना परत मोजा. ४० च्या वरच असेल तर पशुवैद्यकांना बोलवा, आणि त्याची नाळ व सांधे सुजलेत का ते बघून ठेवा. हगवण लागलेल्या पिल्लाचं तापमान मात्र वाढण्याऐवजी उतरतं, कारण अंगातलं पाणी गेलेलं असतं. त्याला ऊब आणि क्षारांचं पाणी दोन्ही लागतं. आईचं तापमानही विल्यानंतर रोज सकाळी मोजा. पहिल्या दिवशी ३९.५ च्या आसपास चालतं. ४० च्या वर आणि खाणं सोडलेलं असेल तर दूध आटायच्या आत डॉक्टर यायला हवेत. मोठी जनावरं एकदम ४१ च्या पुढे जाऊन पडायला लागली तर थांबू नका, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि शेडमधून काहीही बाहेर नेऊ नका.

वही

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक वेताला एक पान: तारीख, खोलीचं तापमान, पिल्लाचा आकडा, जन्मवजन, तासाभराचं तापमान, चोवीस तासांचं, आणि शेवटच्या रकान्यात काय केलं ते. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन देताना तेच पान उघडतं, त्या दिवशी तिथेच पुन्हा वजन लिहायचं. त्या जानेवारीच्या पानावर नवव्या पिल्लासमोर ‘०.७ किलो, ३३.८’ आहे, चोवीस तासांपुढे ३८.६, आणि छप्पन्नाव्या दिवसापुढे ११ किलो. शेवटच्या रकान्यात मायने कोळशाने एक गोल काढून ठेवलाय, तिला लिहिता येत नाही.